फोडायला किती, उतरवायला किती?

घराचं नूतनीकरण ठरलं की बजेटच्या कागदावर फरशी, किचन, वायरिंग, रंग, फर्निचर अशा ओळी भराभर उतरतात. तोडकामाची ओळ आठवते शेवटी, आणि तिच्यापुढे कुठलातरी गोल आकडा पडतो. ठेकेदारही तोडफोड आणि डेब्रिजचा मिळून एकच उक्ता आकडा सांगतो. हे दोन खर्च एका मोटेत बांधलेले असले, की घासाघीस कशावर करायची तेच ग्राहकाला समजत नाही. मग काम अर्ध्यावर आलं की ‘माल अंदाजापेक्षा जास्त निघाला’ म्हणून वरचे पैसे मागितले जातात, आणि घर उखडलेलं असल्यामुळे ते द्यावे लागतात.

तोडकामात फोडण्यावर कमी पैसा जातो. फोडलेलं गोणीत भरायचं, जिन्याने उतरवायचं, गाडीत चढवायचं आणि योग्य जागी नेऊन टाकायचं, यावर जास्त जातो. म्हणून चौरस फुटाचा दर विचारण्याआधी आपल्या घरातून किती वजन निघणार आहे ते काढा. मेजरिंग टेप आणि कागद पुरेसा आहे.

साडेचार इंची विटांची भिंत, दोन्ही बाजूंना प्लास्टर केलेली, चौरस फुटाला साधारण पंचवीस किलो भरते. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधली दहा बाय नऊ फुटांची भिंत काढायची म्हटली, तर सव्वादोन टन माल निघतो. जुन्या इमारतींतली मोझॅकची फरशी खालच्या दीड-दोन इंच मालासकट चौरस फुटाला बारा ते चौदा किलो असते. अलीकडची व्हिट्रिफाइड टाइल पातळ, पण तिच्याखालचा माल तेवढाच जाड असेल तर तीही दहा-अकरा किलोंवर जाते.

सगळ्यांत फसवं असतं न्हाणीघर. दिसायला पाच बाय सात फूट. पण जुन्या बांधकामात तिथला स्लॅब सुमारे फूटभर खाली घेतलेला असतो, आणि तो खड्डा विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या मालाने भरलेला असतो. गळती मुळातून काढायची, तर हे भरण खाली स्लॅब लागेपर्यंत उपसावं लागतं. भरणाचंच वजन दीड टनाच्या आसपास होतं. सात फुटांपर्यंतच्या भिंतींवरच्या टाइल्स आणि त्यांच्यामागचा माल धरला तर आणखी पाऊण टन. एवढ्याशा खोलीतून सव्वादोन टन निघतात, म्हणजे मघाच्या सबंध भिंतीइतकं वजन. कोटेशनमध्ये ‘बाथरूम तोडणे’ एवढंच लिहिलं असेल, तर भरण त्यात आहे का हे आधी विचारा. बहुतेक भांडणं याच एका मुद्द्यावरून होतात.

आता एक पूर्ण घर धरू. चाळीसेक वर्षं जुनी इमारत, तिसरा मजला, डेब्रिजला लिफ्ट नाही. पाचशे चौरस फूट मोझॅक उखडायचा आहे: साडेसहा टन. न्हाणीघर आणि त्याहून लहान संडास भरणासकट: चार टन. एक भिंत: सव्वादोन. स्वयंपाकाचा ओटा, त्याचे कडप्प्याचे पाय आणि मागच्या टाइल्स: अर्धा टन. बेरीज सव्वातेरा टन. एका गोणीत पस्तीस किलो धरले तर सुमारे ३८० गोण्या.

या गोण्यांना मजुरी लावून पाहू. दर मुंबई-पुण्याच्या अंदाजाने धरतो. तुम्ही तुमच्या गावचे घाला, पद्धत तीच राहील. ब्रेकर चालवणारा आणि त्याचा जोडीदार मिळून सरासरी माणशी हजार रुपये रोज. फरशीला सहा मनुष्यदिवस, न्हाणीघर-संडासला आठ, भिंतीला दोन, ओट्याला एक, असे सतरा दिवस. म्हणजे सतरा हजार. ब्रेकरचं भाडं रोजचे सातशे धरून पाच हजार. फोडण्याचा खर्च झाला बावीस हजार.

आता उतरवणं. गोण्या भरायला पाच मनुष्यदिवस, तीन मजले उतरवायला सहा, गाडीत चढवायला दोन. बिगाऱ्याचा रोज नऊशे धरला तर जवळपास बारा हजार. सव्वादोन टन नेणाऱ्या टेम्पोच्या सहा खेपा लागतील; खेपेला चार हजार धरले तर चोवीस हजार. म्हणजे उतरवून नेण्याचे छत्तीस हजार. दोन्ही मिळून अठ्ठावन्न हजार, त्यावर ठेकेदाराचे पंधरा टक्के धरले की रक्कम सदुसष्ट हजारांच्या घरात जाते. पक्कं बिल घेतलं तर जीएसटी वेगळा, १८ टक्के.

याच हिशोबाने फरशी फोडायला चौरस फुटाला सोळा रुपये पडतात, आणि तीच फरशी उतरवून न्यायला पस्तीस. ‘वीस रुपये फूट’ असा दर कुणी सांगितला, तर त्यात वाहतूक आहे की नाही हा प्रश्न किती मोलाचा आहे ते यावरून दिसेल. टनामागे सुमारे सत्तावीसशे रुपये नेण्याला लागतात, हा आकडा लक्षात ठेवला तर कुठलंही कोटेशन पाच मिनिटांत तपासता येतं.

मजला वाढला की फोडण्याचा खर्च तोच राहतो, उतरवण्याचा चढतो. हेच घर सातव्या मजल्यावर असतं, तर नुसत्या जिन्यापायी सात-आठ हजारांनी वाढ झाली असती. सर्व्हिस लिफ्ट वापरू देणाऱ्या सोसायटीत ही वाढ टळते, पण लिफ्टला आतून प्लायवूड लावण्याचा आणि वापराचा आकार निघतो. गिरगावातल्या किंवा पुण्याच्या पेठांतल्या गल्लीत टेम्पो दारापर्यंत येत नसेल, तर हातगाडीने कोपऱ्यापर्यंत नेऊन पुन्हा चढवावं लागतं. म्हणजे भरणावळ दुप्पट. ठेकेदाराला घर दाखवताना जिना, लिफ्ट आणि गाडी उभी राहायची जागाही दाखवा. ते न बघता दिलेला भाव टिकत नाही.

खर्च कमी करायचा सरळ मार्ग म्हणजे कमी तोडणं. खोल्यांमधली जुनी फरशी घट्ट असेल, ठोकून पाहिल्यावर पोकळ वाजत नसेल, तर तिच्यावरच टाइल अॅडहेसिव्हने नवी टाइल बसवता येते. दरवाजे खालून थोडे कापावे लागतात आणि उंबऱ्यांची पातळी बदलते, पण वरच्या उदाहरणात त्याने साडेसहा टन वाचतील. स्लॅबवर नव्या टाइलचं वजन मात्र चढतं, म्हणून जुन्या इमारतीत आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. न्हाणीघरात हा मार्ग वापरू नका. तिथे गळती खालच्या थरात असते, आणि वरून चकचकीत टाइल लावली तरी दोन पावसाळ्यांत खालचे शेजारी दार वाजवतातच.

ज्याला हात लावायचा नाही ते

पैशांपेक्षा मोठा विषय हा आहे. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची सिद्धी साई ही इमारत कोसळून १७ माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरण सुरू होतं आणि त्यात खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. २० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेत एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर फरशीचं काम चालू असताना स्लॅब खाली आला आणि सहाजण मृत्युमुखी पडले. फरशीचं काम हे आपण सगळे किरकोळ समजतो, म्हणून ही दुसरी घटना प्रत्येक घरमालकाने लक्षात ठेवावी.

खांब, तुळई आणि स्लॅब यांना छन्नीही लागता कामा नये, हे उघड आहे. पण भिंतींचं काय? आरसीसी सांगाड्याच्या इमारतीत साडेचार इंची विटांची भिंत सहसा फक्त आडोशाची असते. जुन्या चाळी, वाडे आणि साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या कितीतरी इमारतींत मात्र जाड भिंतीच वरचा भार घेतात. तिथे एक भिंत काढली की वरच्या मजल्याचा आधारच निघतो. अगदी नव्या टॉवरमध्ये वेगळाच धोका आहे. अॅल्युमिनिअमच्या साच्यांत ओतून बांधलेल्या, ज्यांना बांधकामवाले ‘मायवान’ म्हणतात त्या इमारतींत जवळपास सगळ्या भिंती आरसीसीच्या आणि भार घेणाऱ्या असतात. तिथे दरवाजा सहा इंच सरकवणंही चालत नाही. ‘ही पार्टिशन वॉल आहे, काढू’ असं ठेकेदाराने वाजवून सांगितलं म्हणून काढू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरची एक भेट आणि त्याचं सहीचं पत्र याला पाच-दहा हजार लागतील, ते तोडकामाच्या बजेटमध्ये सगळ्यांत आधी लिहा.

तोडलेला माल घरात कसा ठेवायचा, यावरही लक्ष हवं. भारतीय मानक ८७५ प्रमाणे राहत्या खोल्यांचा स्लॅब वापराच्या भारासाठी चौरस मीटरला २ किलोन्यूटन धरून आखतात; म्हणजे चौरस फुटाला एकोणीस-वीस किलो. पस्तीस किलोंच्या गोण्या एकावर एक तीन रचल्या, की त्या जागी चौरस फुटाला चाळीस किलो होतात. दिवसभर फोडायचं आणि शनिवारी गाडी बोलवायची, या सवयीने हॉलमध्ये आठ-दहा टनांचा ढीग पडतो, आणि तो उचलायला स्लॅब बांधलेला नसतो. गोण्यांचा एकच थर, तोही भिंतींच्या कडेने, आणि दर संध्याकाळी घर रिकामं: हे करारातच लिहा. रोज गाडी न्यायची तर खेपा थोड्या महाग पडतील. ते पैसे द्या. इमारत तीस वर्षांहून जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल सोसायटीकडे मागा. त्यात सळया गंजल्याची नोंद असेल, तर ब्रेकर न लावता छन्नी-हातोडीने काम करून घ्या. मजुरी दीडपट होईल, वेळही लागेल.

परवानगीचा भाग सोपा आहे, फक्त तो आधी उरकायला हवा. सोसायटीला लेखी अर्ज, कामाचा नकाशा, इंजिनिअरचं पत्र आणि परत मिळणारी अनामत लागते. कामाच्या वेळा कमिटी ठरवते. फरशी, प्लास्टर, टाइल्स बदलणं ही साधी दुरुस्ती मानतात, पण रचनेत बदल होत असेल तर महापालिकेची परवानगी लागते. आणि तोडकामाच्या आदल्या दिवशी खालच्या घरात जाऊन, त्या मंडळींच्या देखत, त्यांच्या छताचे आणि न्हाणीघराच्या भिंतींचे फोटो काढा. आधीपासूनची ओल कुठली आणि तुमच्या कामाने आलेली भेग कुठली, हा वाद तिथेच मिटतो.

कामाचा क्रम

पहिला हातोडा पडण्याआधी पाणी, वीज आणि गॅस बंद हवा. पाण्याचा व्हॉल्व्ह बहुधा गच्चीवर असतो. वीज मेन स्विचवरून तोडून कामासाठी वेगळा तात्पुरता बोर्ड घ्या, कारण भिंतीतल्या जुन्या वायरवर छन्नी बसली तर माणूस जातो. पाइपचा गॅस असेल तर मीटर आणि नळी गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच काढून घ्यायची. प्लंबरला तिला हात लावू देऊ नका.

मग पंखे, दिवे, कपाटं, दारं, भांडी असं सगळं अख्खं उतरवायचं. नंतर नहाणी ट्रॅप आणि संडासच्या पाइपांची तोंडं घट्ट बंद करायची. नुसती चिंधी कोंबून भागत नाही. प्लास्टिकचं बूच किंवा पिशवीत भरलेला घट्ट बोळा, त्यावर सिमेंटचा हलका थर. विटांचे तुकडे सामाईक पाइपमध्ये उतरले तर सबंध उभी लाइन तुंबते, आणि ती मोकळी करण्याचा खर्च तुमच्या माथी बसतो. त्यानंतर टाइल्स, ओटा, आणि भिंत नेहमी वरून खाली. खालून पोखरून भिंत आडवी पाडणं झटपट होतं, पण दोन टनांचा दणका स्लॅबवर बसतो. असं करणाऱ्या ठेकेदाराला तिथल्या तिथे थांबवा.

जुन्या इमारतींतले सिमेंटचे पत्रे आणि सांडपाण्याचे करडे सिमेंटचे पाइप बहुतेकदा अॅस्बेस्टॉसचे असतात. ते फोडले, कापले किंवा घासले की त्यांचे तंतू हवेत येतात आणि फुप्फुसात जाऊन बसतात. त्यातून होणारे आजार कित्येक वर्षांनी दिसतात. असे पत्रे पाण्याने ओले करून, बोल्ट सोडवून, अख्खेच उतरवायचे, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळायचे आणि बाकीच्या डेब्रिजमध्ये मिसळायचे नाहीत. जुन्या रंगाचीही काळजी घ्या. घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएम ही मर्यादा नोव्हेंबर २०१७पासून लागू झाली. त्याआधीच्या तेलरंगात शिसं असू शकतं. तो कोरडा घासायचा नाही, आणि त्या दिवसांत लहान मुलांना घरात ठेवायचं नाही.

विटा, सिमेंट आणि टाइल कापताना उडणाऱ्या बारीक धुळीत सिलिका असते. हे काम करणारी माणसं वर्षानुवर्षं ती श्वासात घेतात. तोंडाला बांधलेल्या रुमालाने ती अडत नाही. पाच माणसांना एन-९५ मास्क, गॉगल, हातमोजे आणि कानाची बुचं द्यायला दोन-तीन हजार लागतात. ठेकेदार देत नसेल तर तुम्ही द्या आणि घालायला लावा. नाक्यावरून आलेल्या बिगाऱ्याचा पाय तुटला तर त्याच्यामागे कुणी उभं नसतं. म्हणून कामगारांचा विमा आहे का, हे ठेकेदाराला विचारा आणि कागद बघा.

भंगार कोणाचं?

उक्त्या कामात ‘निघेल ते माझं’ असं ठेकेदार गृहीत धरतो. त्याची किंमत आधी काढा. पाच खिडक्यांचे लोखंडी ग्रिल शंभर किलोंपर्यंत भरतात. त्यात अॅल्युमिनिअमच्या सरकत्या खिडक्या, पितळी नळ आणि तांब्याची वायर मिळवा. तांब्याचा भाव लोखंडाच्या कितीतरी पट असतो, म्हणून वायर जाळून किंवा डेब्रिजमध्ये घालवू नका. ती ओढून वेगळी काढायला सांगा. भंगारवाल्याकडून त्या दिवसाचा भाव विचारून, वजन डोळ्यांदेखत करून घ्या, किंवा भंगार ठेकेदाराला देऊन तेवढी रक्कम कोटेशनमधून वळती करून घ्या. दोन्ही मार्ग रास्त आहेत. न बोलता सोडून देणं रास्त नाही.

सागवानी चौकटी आणि दारं हा तर वेगळाच ठेवा आहे. चाळीस-पन्नास वर्षं मुरलेलं सागवान आज नवं घ्यायला गेलात तर परवडत नाही. पहार घालून चौकट उपटली की ती फाटते; होल्डफास्टभोवतीचा माल आधी फोडून ती अख्खी काढून घेतली, तर रंधा मारून पुन्हा वापरता येते. विकायची असेल तर जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात किंवा पुण्याच्या टिंबर मार्केटात विचारा. वाडा उतरवायचा असेल तर हिशोब उलटाच होतो. तुळया, खण, खांब यांचं लाकूड इतकं मोलाचं असतं, की बऱ्याचदा उतरवणाराच मालकाला पैसे देतो. म्हणून वाड्याच्या मालकाने लाकडाचं मोजमाप आणि फोटो घेऊन किमान तीन जणांकडून भाव मागवावा, आणि वाडा वारसा यादीत नाही ना, हे महापालिकेत आधी पाहावं. सोसायटी पुनर्विकासाला जात असेल तर घर रिकामं करताना ग्रिल आणि दारं काढण्याआधी विकासकाशी झालेला करार वाचा. निघणारा सगळा माल विकासकाचा, असं कलम त्यात असू शकतं.

गाडी जाते कुठे?

टेम्पो कोपऱ्यावरून वळला की आपली जबाबदारी संपत नाही. बांधकाम व पाडकाम कचरा नियम २०१६मध्ये आले. हा कचरा रस्त्यावर किंवा नाल्यात न टाकता अधिकृत ठिकाणी पोचवणं हे तो निर्माण करणाऱ्याचं काम आहे, असं त्यांत सांगितलं गेलं. २०२५मध्ये नवे नियम जाहीर झाले; त्यांच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६. त्यांचा मुख्य रोख २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्रकल्पांवर आहे. तुमच्या तेरा टनांना कुठलं मोठं कागदपत्र लागत नाही, पण ते खाडीकाठच्या तिवरांत किंवा नदीपात्रात पडू नयेत हे बघायलाच हवं. स्वस्त खेपेचं गणित बहुधा तिथेच लपलेलं असतं: दोन हजारांत गाडी नेणारा ती कुठे रिकामी करतो, ते विचारा.

मुंबईत महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे, आणि दहिसर तसंच शिळफाटा इथे प्रत्येकी रोज ६०० टन राडारोड्यावर प्रक्रिया करणारे प्रकल्प आहेत. पुण्याचा प्रकल्प वाघोलीत आहे. विटा-सिमेंटचा माल लाकूड, प्लास्टिक आणि काच यांच्यापासून वेगळा भरलात, तर तो तिथे दळून पुन्हा वाळू, खडी आणि पेव्हर ब्लॉकसाठी वापरता येतो. दोन वेगळ्या रंगांच्या गोण्या ठेवल्या की एवढं जमतं. प्रत्येक खेपेची पावती किंवा वजनकाट्याची चिठ्ठी मागा, आणि गाडी ताडपत्रीने झाकलेली असल्याशिवाय फाटकाबाहेर सोडू नका.

कोटेशन घेताना फोडणं, गोण्या भरून उतरवणं आणि वाहतूक अशा तीन वेगळ्या रकमा मागा. शेवटची रक्कम खेपांवर ठेवा, म्हणजे माल कमी-जास्त निघाला तरी वाद होत नाही. सुरुवातीला वीस टक्क्यांहून जास्त आगाऊ देऊ नका. बाकीचे पैसे काम पुढे सरकेल तसे. शेवटचे वीस टक्के हातात ठेवा. शेवटची गोणी गेली, जिना धुतला गेला, की प्रत्येक ट्रॅपमधलं बूच काढून दोन-दोन बादल्या पाणी ओता, आणि खालच्या मजल्यावर एकाला उभं करून पाइप वाहतोय का आणि छत कोरडं आहे का ते पाहा. मगच ते वीस टक्के द्या.